बोलावे की गप्प राहावे? शिकाऊ डॉक्टरची चूक आणि सम्यक वाचा



पेंडल हिलहून पॅरामॅटाकडे जाणाऱ्या गाडीत वेंटवर्थव्हिलच्या पुढचे स्टेशन वेस्टमीड. १९७८ मध्ये सुरू झालेले वेस्टमीड रुग्णालय आणि आसपासचे दवाखाने, नर्सिंग होम यांवर आपल्या भागातली कितीतरी घरे चालतात. तुमच्यापैकी कोणी तिथे डॉक्टर आहे, कोणी नर्स, कोणी फार्मासिस्ट. काहींच्या हाताखाली आता शिकाऊ मुले-मुली असतात. काही जण नागपूर, औरंगाबाद किंवा मुंबईत वर्षानुवर्षे रुग्ण तपासून इथे आले आणि चाळिशीत पुन्हा कोणाच्या तरी देखरेखीखाली काम करत आहेत. म्हणून या अंकात एक रोजचाच, पण अवघड प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. दुसऱ्याची चूक त्याच्या तोंडावर सांगणे शीलात बसते का? बसत असेल तर ती कशी सांगावी? आणि न सांगणे ही कधी करुणा असते, कधी नुसती भीती?

आधी एक प्रसंग कल्पून पाहा. वॉर्डात पहिल्या वर्षाचा एक इंटर्न आहे. न्यूमोनियाने दाखल झालेल्या एका आजोबांना त्याने पेनिसिलिनच्या कुळातले अँटिबायोटिक लिहून दिले. आजोबांना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे. मनगटावर लाल पट्टी आहे, कागदपत्रांत नोंद आहे. फार्मासिस्टच्या लक्षात आले, औषध थांबले, आजोबांना काही झाले नाही. तुम्ही त्या इंटर्नचे वरिष्ठ आहात. आता तुम्ही काय कराल?

एक मार्ग असा की दुसऱ्या दिवशी राउंडमध्ये, नर्स आणि रुग्णांदेखत, त्याला विचारायचे, "एमबीबीएस कुठून केलंस रे? वाचता येतं ना?" दुसरा मार्ग असा की गुपचूप औषध बदलायचे, काही बोलायचे नाही आणि टर्म संपताना फॉर्मवर लिहायचे, "मेहनती आहे, स्वभावाने चांगला आहे." तिसरा मार्ग बोलण्याचा, पण वेगळ्या रीतीने बोलण्याचा. तिसरा बरा, हे सगळेच मान्य करतील. तरीही प्रत्यक्षात पहिले दोनच मार्ग जास्त दिसतात. त्याचे कारण आपल्या मनातच शोधावे लागेल.

पहिल्या मार्गात आपला राग मोकळा होतो आणि त्याला आपण शिस्त असे नाव देतो. "आम्हीसुद्धा असेच शिकलो, म्हणून घडलो," हे वाक्य तुम्ही ऐकले असेल. दुसऱ्या मार्गात आपली अडचण टळते. समोरच्याचा चेहरा पडणार नाही, तो आपल्याला वाईट म्हणणार नाही, आणि याला आपण चांगुलपणा असे नाव देतो. दोन्ही मार्ग दिसायला एकमेकांच्या उलट आहेत, पण दोन्हींत विचार स्वतःचाच आहे. आजोबा दोन्हींत कुठे नाहीत, आणि तो इंटर्नही नाही.

वैद्यकीय शिक्षणातल्या जाणकारांनाही हे दिसलेले आहे. जॅक एंड या अमेरिकन डॉक्टरांनी १९८३ मध्ये जामा या नियतकालिकात रुग्णालयातल्या फीडबॅकवर एक लेख लिहिला, तो आजही शिकवला जातो. त्यांचे म्हणणे असे की डॉक्टर घडवताना शिकवणे भरपूर होते, परीक्षाही होतात, पण विद्यार्थ्याने आत्ता जे केले त्याविषयी त्याला नेमके सांगणे मात्र राहून जाते. शिक्षक दुखावण्याच्या भीतीने मोघम बोलतो, विद्यार्थी ऐकण्याच्या भीतीने मोघमच ऐकतो, आणि फीडबॅक दोघांच्या मध्ये विरून जातो. मग चूक सुधारत नाही आणि जे चांगले झाले तेही पक्के होत नाही.

आता तथागतांकडे वळू. मज्झिम निकायातल्या अभयराजकुमार सुत्तात हाच प्रश्न आहे. दुसऱ्याला अप्रिय वाटेल असे तथागत बोलतात का, असे विचारून त्यांना कोंडीत पकडायला राजकुमार अभय आलेला असतो. त्याच्या मांडीवर एक तान्हे मूल असते. तथागत त्यालाच उलट विचारतात की या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? राजकुमार म्हणतो की मी तो काढीन. सहज निघाला नाही तर डाव्या हाताने मुलाचे डोके धरीन, उजव्या हाताचे बोट वाकवून घालीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला मुलाची दया आहे. मग तथागत सांगतात की जे खोटे आहे ते ते बोलत नाहीत. जे खरे आहे पण हिताचे नाही, तेही बोलत नाहीत. जे खरे आणि हिताचे आहे, ते ऐकणाऱ्याला प्रिय असो की अप्रिय, ते योग्य वेळ पाहून बोलतात.

या उत्तरातल्या दोन गोष्टी वाचताना निसटून जातात. पहिली म्हणजे डावा हात. खडा उजव्या हाताने निघतो, पण डोके डाव्या हाताने धरलेले असते. आधार न देता नुसते बोट घातले तर मूल आणखी झटकते आणि खडा घशात जातो. दुसरी गोष्ट, वेळ पाहण्याची अट फक्त कडू बोलण्याला नाही. गोड, खरे आणि हिताचे बोलायलासुद्धा वेळ पाहावी लागते. म्हणजे कौतुकालाही विवेक हवा. चूक सांगण्याआधी जबरदस्तीने चिकटवलेले "छान काम करतोस हं" कोणीही ओळखतो. अशा कौतुकाला मग किंमत राहत नाही, आणि पुढे खरे कौतुक केले तरी ऐकणारा पुढच्या "पण"ची वाट पाहत बसतो.

आपल्या प्रसंगात मात्र एक फरक आहे. सुत्तात खडा ज्याच्या तोंडात आहे, बोट त्याच्याच तोंडात जाते. वॉर्डात खडा आजोबांच्या तोंडात आहे आणि तो नकळत घातला आहे इंटर्नने. तुम्ही गप्प बसलात तर आजच्या आजोबांचा खडा निघाला, पण उद्याच्या आजीच्या तोंडात पुन्हा जाईल. म्हणून गप्प राहणे इथे तटस्थ नाही. ज्याला आपण कोणालाही न दुखावणे समजतो, त्याची किंमत तिसराच कोणी भरतो, आणि तो खाटेवर आहे.

इथपर्यंत वाचून तुमच्यापैकी काहींच्या मनात एक बोच आली असेल. "चूक दाखवणे" हा शब्द आपल्या समाजाने फार वेगळ्या अर्थाने ऐकलेला आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना जे ऐकवले गेले ते चुकीबद्दल नव्हते, ते लायकीबद्दल होते. शिकून वर आलेल्या पिढीलाही "कोट्यातला डॉक्टर" हे ऐकावे लागले. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आपले जीवन संपवले. त्या जळगाव जिल्ह्यातल्या आदिवासी कुटुंबातून आल्या होत्या, वय अवघे २६. त्यांच्या तीन वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केला अशी तक्रार कुटुंबाने केली आणि गुन्हा दाखल झाला. दोषी कोण, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण ती बातमी वाचताना आपल्यापैकी ज्यांची मुले मेडिकलला आहेत, त्या प्रत्येकाच्या पोटात गोळा आला होता. वरिष्ठाच्या जिभेवर किती सत्ता असते, हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणून आपल्यातला कोणी वरिष्ठ झाला की त्याला वाटते, मी कोणाला काही बोलणारच नाही. ही भावना चांगली आहे, पण ती अपुरी आहे. जातीचे काम फक्त कठोर शब्दांनी चालत नाही, न बोलण्यानेही चालते. दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांशी भेदभाव होतो का, हे तपासायला २००६ मध्ये एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते आपल्या महाराष्ट्राचे अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात. २००७ च्या अहवालात विद्यार्थ्यांनी जे सांगितले त्यात अपमान होताच, पण त्याबरोबर आणखी एक तक्रार होती. शिक्षक आम्हाला वेळ देत नाहीत, इतरांना मिळते तसे मार्गदर्शन मिळत नाही. म्हणजे काहींची चूक थांबून समजावली जाते आणि काहींच्या चुकीकडे "यांचे असेच असायचे" म्हणून पाठ फिरवली जाते. ज्याला कोणी सुधारत नाही, तो मागे पडतो, आणि मागे पडला की त्याच्या मागे पडण्याचाच दाखला दिला जातो.

अंगुत्तर निकायात केसी नावाच्या अश्वशिक्षकाची कथा आहे. तथागत त्याला विचारतात की तू घोडे कसे शिकवतोस? तो म्हणतो, काहींना मृदुपणाने, काहींना कठोरपणाने, काहींना दोन्हींनी. आणि कशानेच शिकला नाही तर? तर त्या घोड्याला मारतो. मग तो तथागतांना विचारतो की तुम्ही माणसे कशी शिकवता? उत्तर तेच येते, मृदुपणाने, कठोरपणाने आणि दोन्हींनी. केसी चकित होऊन विचारतो, म्हणजे तुम्हीही मारता? तथागतांच्या उत्तराचा आशय असा की धम्माच्या विनयात मारणे म्हणजे, या माणसाला सांगण्या-शिकवण्यासारखे काही उरले नाही असे ठरवून त्याच्याशी बोलणे थांबवणे.

हे वाचल्यावर आपला दुसरा मार्ग पुन्हा पाहा. गुपचूप औषध बदलले, फॉर्मवर "स्वभावाने चांगला" असे लिहिले. बाहेरून दयाळू दिसणारी ही कृती आतून काय म्हणते? तुझ्याकडून अधिक अपेक्षा नाही, असे म्हणते. ज्याच्या मागे पिढ्यान्पिढ्या "यांच्याकडून काय होणार" हे वाक्य लागले आहे, त्याला ते न बोलताही ऐकू येते.

मग करायचे काय? कठोर बोललो तर जुनी जखम उघडते, गप्प बसलो तर जुनाच अन्याय चालू राहतो. अमेरिकेत जेफ्री कोहेन, क्लॉड स्टील आणि ली रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये नेमक्या याच पेचावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या लेखनावर टीका करायची होती. काहींना नुसती टीका मिळाली, काहींना टीकेआधी मोघम कौतुक मिळाले, आणि काहींना टीकेबरोबर दोन गोष्टी सांगितल्या गेल्या, आमचे मोजमाप उंच आहे आणि तू तिथपर्यंत पोहोचू शकतोस असे मला वाटते. ज्यांना आपल्या वर्णामुळे आपल्याला कमी लेखले जाईल अशी शंका होती, त्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर नुसत्या टीकेचा वाईट परिणाम झाला आणि मोघम कौतुकाने तो पुरेसा भरून निघाला नाही. उंच अपेक्षा आणि विश्वास या दोन्ही एकत्र आल्या तेव्हा त्यांनी टीका मनावर घेतली आणि काम सुधारण्याची त्यांची उमेद वाढली. अभयाचा डावा हात आणि उजवा हात, दोन्ही लागतात.

बाबासाहेबांच्या आयुष्यातच याचे एक उदाहरण आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांचे मार्गदर्शक होते प्राध्यापक एडविन कॅनन. रुपयाच्या प्रश्नावरचा बाबासाहेबांचा प्रबंध परीक्षकांनी जसाच्या तसा स्वीकारला नाही, तो पुन्हा लिहून द्यावा लागला. १९२३ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला तेव्हा त्याला प्रस्तावना कॅनन यांचीच होती. त्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या विद्यार्थ्याच्या काही मतांशी आपण सहमत नाही असे उघड लिहिले आणि त्याच्या विचारांतल्या ताजेपणाची दादही दिली. मतभेद लपवून गोड प्रस्तावना लिहिता आली असती, किंवा मतभेद आहेत म्हणून प्रस्तावना नाकारता आली असती. त्यांनी मतभेद छापून विद्यार्थ्याच्या पाठीशी आपले नाव उभे केले. विद्यार्थ्याला बरोबरीचा मानल्याशिवाय असे करता येत नाही.

आता रीतीविषयी. तथागतांनी स्वतः दिलेल्या फीडबॅकचे एक उदाहरण विनयपिटकाच्या महावग्गात आहे, आणि ते रुग्णसेवेचेच आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता. विहारातले भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते. तथागत आणि आनंद तिथे आले. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. त्यानंतर संघाला बोलावले. आल्या आल्या त्यांनी दोष दिला नाही. आजारी भिक्खू आहे का, त्याला काय झाले आहे, त्याची सेवा कोणी करते का, आणि करत नसेल तर का नाही, असे एकेक विचारले. भिक्खूंनी खरे कारण सांगितले, की तो आमच्या काही उपयोगी पडत नाही. मग तथागतांनी समजावले की इथे तुमचे आईवडील नाहीत, तुम्ही एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? शेवटी पुढे कोणी कोणाची सेवा करायची, याचा नियम घालून दिला.

या क्रमाकडे लक्ष द्या. आधी रुग्णाची सोय. मग प्रश्न. मग ऐकणे. मग कारण समजावणे. मग पुढे काय करायचे ते ठरवणे. आपल्या इंटर्नला याच क्रमाने घेऊन पाहा. आजोबांचे औषध बदलले. संध्याकाळी, कोणी नसताना, पाच मिनिटे बसवले. "दुपारच्या त्या औषधाबद्दल बोलू या. तेव्हा काय काय चालले होते, सांगशील?" कदाचित तो सांगेल की एकाच वेळी तीन रुग्ण आले होते आणि त्याने जुन्या कागदावरून औषधे उतरवून घेतली. कदाचित सांगेल की ॲलर्जी नर्स बघते असे त्याला वाटत होते. ही दोन अगदी वेगळी कारणे आहेत आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. न विचारता बोललात तर तुमचे बोलणे भलत्याच रोगावरचे औषध होईल. मग नेमके सांगा: "पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या रुग्णाला हे मिळाले असते तर श्वास कोंडला असता. औषध लिहिण्याआधी पट्टी बघायची आणि रुग्णालाही विचारायचे, दर वेळी. उद्या राउंडमध्ये मी तुझ्याबरोबर आहे, आपण एकदा करून पाहू." इथे एकही शब्द खोटा नाही, एकही मऊ करून सांगितलेला नाही, आणि एकही त्याच्या लायकीबद्दल नाही.

हा शेवटचा मुद्दा नीट धरून ठेवा, कारण तो धम्माच्या गाभ्याशी जातो. "तू निष्काळजी आहेस" आणि "तू पट्टी पाहिली नाहीस" या दोन वाक्यांत फरक काय? पहिले वाक्य माणसाला कायमचा एक स्वभाव चिकटवते. दुसरे एका कृतीबद्दल आहे, जी कारणांतून घडली आणि कारणे बदलली की बदलेल. माणसात न बदलणारा असा काही आत्मा नाही, हे आपण वंदनेनंतर ऐकतो. वॉर्डात त्याचा अर्थ असा की "हा असाच आहे" हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही. अव्राहम क्लूगर आणि ॲन्जेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे जुने अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा दिसले की एकतृतीयांशाहून अधिक वेळा फीडबॅकनंतर काम सुधारण्याऐवजी बिघडले होते. त्यांचे स्पष्टीकरण असे की बोलणे कामावरून माणसाच्या "मी"वर गेले की त्याचे लक्ष काम सोडून स्वतःला वाचवण्याकडे जाते. तथागतांनी राहुलाला आरसा दाखवून जे सांगितले तेही कृतीबद्दलच होते. कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यावर बघ, अहिताचे झाले असेल तर जाणत्यापुढे उघड कर आणि पुढे जप. तू वाईट मुलगा आहेस, असे त्यात कुठेही नाही.

डेव्हिड पेंडलटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये इंग्लंडात मांडलेले नियमही याच जातीचे आहेत. काय चांगले झाले ते आधी शिकणाऱ्याने सांगावे, मग शिक्षकाने. काय वेगळे करता येईल तेही आधी शिकणाऱ्यानेच सांगावे, मग शिक्षकाने. पुढे या नियमांचा साचा झाला आणि त्यावर टीकाही झाली, कारण मैत्रीविना वापरलेला कोणताही नियम ठोकळाच होतो. पण पहिले बोलण्याचा मान शिकणाऱ्याला, ही त्यातली गोष्ट टिकाऊ आहे.

आता सगळ्यात अवघड प्रसंग. तुम्ही सुपरवायजर आहात आणि तुमच्या हाताखाली भारतातून आलेला, कदाचित आपल्याच समाजातला डॉक्टर आहे. त्याच्या रजिस्ट्रेशनसाठी मेडिकल बोर्डाकडे तुमचा अहवाल जाणार. नोकरी त्यावर, व्हिसा नोकरीवर, मुलांची शाळा व्हिसावर. वर्ष संपत आले आहे आणि तो अजून एकट्याने सुरक्षित काम करू शकेल असे तुम्हाला वाटत नाही. त्याची पत्नी तुमच्या घरी जेवून गेलेली आहे. अशा वेळी "आपला माणूस आहे, सही करून टाका" असा आवाज आतून येतोच.

त्या आवाजाला दोन उत्तरे आहेत. एक, ज्या व्यवस्थेने आपल्या माणसांना बाहेर ठेवले, ती "आपला माणूस" याच तत्त्वावर चालत होती. नावे बदलून तेच तत्त्व आपण चालवायचे ठरवले तर समतेचा आपला दावा तिथेच संपतो. आणि ज्या रुग्णापुढे तो डॉक्टर उद्या उभा राहणार, तो रुग्णही कोणाचा तरी माणूस आहे. दुसरे उत्तर तुम्हालाच उद्देशून आहे, आणि ते जास्त टोचणारे आहे. अकराव्या महिन्यात जे सत्य क्रूर वाटते, ते पहिल्या महिन्यात मदत ठरले असते. तेव्हा सांगितले असते तर त्याला सुधारायला दहा महिने मिळाले असते. "योग्य वेळी बोलणे" याचा अर्थ आपण बहुधा "थोडे थांबून बोलणे" असा सोयीचा घेतो. पुष्कळदा योग्य वेळ म्हणजे लवकरची वेळ असते. शिकवण्यासाठी सांगणे आणि निकाल देणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले वेळेवर झाले असेल तर दुसरे क्वचितच अनपेक्षित ठरते. आणि सगळे करूनही तो तयार नसेल, तर अहवाल खरा लिहावा आणि त्या संध्याकाळी त्याला एकटे सोडू नये. अहवाल लिहिणारा हात आणि खांद्यावर ठेवलेला हात एकाच माणसाचे असू शकतात.

जे स्वतः देखरेखीखाली आहेत त्यांनाही दोन शब्द. आपण "सर", "मॅडम" म्हणत, उभे राहून शिकलेली माणसे. इथे प्रमुखाला पहिल्या नावाने हाक मारतात आणि तोही चूक अगदी हळू सांगतो. "तुला कदाचित असेही बघता येईल" असे तो म्हणतो, आणि आपल्याला वाटते, ऐच्छिक सूचना आहे. बहुधा ती ऐच्छिक नसते. आपला कान ओरडण्याला सरावला आहे, म्हणून मऊ आवाजातला इशारा आपल्यापर्यंत पोहोचत नाही. शंका आली तर सरळ विचारावे: "हे मी बदलायलाच हवे का? पुढच्या आठवड्यात मी काय वेगळे करावे?" असे विचारण्यात कमीपणा नाही. राधाची कथा तुम्हाला आठवत असेल. उतारवयात भिक्खू झालेला तो ब्राह्मण सारिपुत्तांनी दाखवलेला प्रत्येक दोष शांतपणे ऐके, आणि त्या निमित्ताने तथागतांनी दोष दाखवणाऱ्या शहाण्याची तुलना पुरलेले धन दाखवणाऱ्याशी केली. मात्र यात एक खूणही लक्षात ठेवा. धन दाखवणारा जमिनीकडे बोट दाखवतो, तुमच्या जन्माकडे नाही. बोट तुमच्या जातीकडे, रंगाकडे, उच्चाराकडे वळले तर तो फीडबॅक नव्हे. ते सहन करणे म्हणजे क्षांती असे समजू नका. ते लिहून ठेवा, विश्वासाच्या माणसाला सांगा, तक्रार करा.

अशा तक्रारींना इथेही आधार आहे आणि गरजही आहे. २०१५ मध्ये रॉयल ऑस्ट्रेलेशियन कॉलेज ऑफ सर्जन्सने नेमलेल्या सल्लागार गटाच्या पाहणीत उत्तर देणाऱ्यांपैकी ४९ टक्क्यांनी भेदभाव, दादागिरी किंवा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले. कॉलेजच्या अध्यक्षांनी जाहीर माफी मागितली. चूक दाखवली गेली आणि संस्थेने ती ऐकली, एवढे तरी तिथे घडले.

ऐकण्याचा हा भाग वरिष्ठांनी आधी उचलायचा असतो. वर्षावासाच्या शेवटी भिक्खूसंघ पवारणा करतो. माझ्यात काही पाहिले, ऐकले किंवा शंका आली असेल तर करुणेने सांगा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो, आणि तिची सुरुवात सर्वात ज्येष्ठ भिक्खूपासून होते. संयुत्त निकायात तर स्वतः तथागत संघाला विचारतात की माझ्या काया-वाचेत काही दोष दिसतो का. विनयात शिष्याच्या कर्तव्यांतही हे आहे, की उपाध्याय चुकीचे बोलू लागले तर शिष्याने त्यांना थांबवावे. वॉर्डाच्या भाषेत सांगायचे तर, सर्जनच्या हातून चूक होत असताना कनिष्ठ नर्सला "थांबा" म्हणता आले पाहिजे. तिला ते म्हणता यावे, ही जबाबदारी सर्जनची आहे.

तेव्हा आश्विन पौर्णिमेची वाट न पाहता या आठवड्यात एक गोष्ट करून पाहा. तुमच्या हाताखाली कोणी शिकत असेल, वॉर्डात, दुकानात, ऑफिसात किंवा घरी दहावीच्या पुस्तकापुढे, तर त्याला काही सांगण्याआधी विचारा: "माझ्या शिकवण्यात तुला काय अडते?" उत्तर ऐकून घ्या, मध्ये बोलू नका, समर्थन देऊ नका. ते ऐकताना तुमच्या मनात जे होईल, तेच तुम्ही बोलता तेव्हा समोरच्याच्या मनात होत असते. एवढे लक्षात राहिले की मग आपले बोट हळू जाते, आणि तरीही खडा काढते.

जय भीम. नमो बुद्धाय.